चिंचेनं घासलेली प्लेट

दादा, तुझा चरक उद्या जातोय. सकाळी टेम्पो येईल, असा घरमालकांचा निरोप आहे. तुझी पत्र्याची शेड पाडून तिथं मुलींच्या हॉस्टेलची मेस होणार, आणि चरक परत एका रसवंतीवर जाणार. त्या रसवंतीवाल्याला अजून पत्ता नाही की तू त्याचे रूळ लेथवर घासून गुळगुळीत करून घेतलेस. त्यानं ऊस घातला की ऊस घसरेल आणि तो तुला शिव्या घालेल. घालू दे. मीसुद्धा सध्या दुसरं काही करत नाही.

न सांगता गेलास म्हणून शिव्या. गुरुवारी फोनवर माझ्याशी हसत बोललास, आणि शनिवारी शाळेतून येऊन खुर्चीत बसलास, वहिनीला म्हणालास चहा टाक, आणि चहाला उकळी येईपर्यंत संपलास. छातीत दुखतंय एवढं तरी म्हणायचं. आयुष्यभर शाळेतल्या पोरांना 'हात वर करून बोला' शिकवलंस आणि स्वतः हात वर केला नाहीस. रविवारी मी लातूरहून नांदेडला येणारच होते, तूच बोलावलं होतंस. आले मी ठरलेल्या दिवशी. दारात चपलांचा ढीग होता.

त्या गुरुवारचा फोन मला अजून कानात ऐकू येतो. "मंगे, काय करायलीस? रविवारी ये. प्लेट झाली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर केलंय त्यात." मी म्हटलं, कोणता प्रश्न, माझे तर तुला हजार प्रश्न आहेत. तर तू म्हणालास, "एकच हाय तुझा. पहिल्यापासून एकच. ये अन् बघ." एवढं बोलून फोन ठेवलास. मीही ठेवला, कारण क्लासची बॅच सुरू व्हायची होती. आता त्या उत्तराचं काय झालं ते तुलाच सांगायला बसलेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगून ते समजणार नाही.

तुझ्या शोकसभेत शाळेतले सर उभे राहून म्हणाले, "दिगंबर सर निसर्गप्रेमी कलाकार होते." मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. तू आयुष्यात एक झाड काढलं नाहीस. मुदखेडच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत असलो की लोक चहा शोधायचे आणि तू रुळांच्या सांध्याशी उकिडवा बसायचास. पाण्याची मोटार, गिरणीचा पट्टा, जिनिंगमधली दातेरी चाकं, सायकलची चेन. पण तुझ्या छापात यातलं काहीच ओळखू यायचं नाही. पट्टा दिसायचा नाही, त्याचा ताण दिसायचा. चाक दिसायचं नाही, ते फिरून फिरून दमल्याचं दिसायचं. तांब्याच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, सुईनं रेघा ओढायच्या, सराफ्यातून आणलेल्या ॲसिडमध्ये त्या खोल करायच्या, शाई भरायची, पुसायची, ओला कागद ठेवून चरकाच्या रुळांतून काढायचा. एवढ्या खटाटोपातून जे निघायचं ते बघून आपली आई म्हणायची, "बाबा, हे सरळ हाय का उलटं?" तू म्हणायचास, "उलटंच असतंय आई, छाप हाय तो."

आणि सगळे छाप वीतभर रुंद, हातभर लांब. पुण्याला तुझं प्रदर्शन लागलं तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं की या उभ्या अरुंद आकारातून यंत्रयुगातल्या माणसाची कोंडी व्यक्त होते. ते वाचून आपण दोघं किती हसलो होतो! चरकाचे रूळच वीतभर होते रे. मोठा प्रेस घ्यायची ऐपत नव्हती म्हणून तू मोडीत निघालेला उसाचा चरक आणलास, त्याच्या मध्ये लोखंडी पाटा सरकवलास, कागदावर घालायला घोंगडीचे तुकडे कापलेस, आणि झाला प्रेस. घुंगरू तेवढे काढले नाहीस. चाक फिरलं की घुंगरू वाजायचे आणि गल्लीतल्या नव्या माणसाला वाटायचं रस मिळतोय. एकदा एक बाई तांब्या घेऊन आली होती. तू तिला ओला छाप दाखवलास. ती जी गेली ती परत त्या बाजूला फिरकली नाही.

कागद तुझा, चाक माझं, ही आपली वाटणी. सुट्टी लागली की मी एसटीनं यायचे आणि चाकाला भिडायचे. "हळू, मंगे. थांबू नको. थांबलीस की पट्टा उमटतो." जिथं चाक थांबतं तिथं छापावर आडवी रेघ येते, म्हणून एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत ओढायचं. लहान चाक मोठ्या चाकाला कसं फिरवतं, लांब दांडा का हलका लागतो, हे मला पुस्तकात नंतर भेटलं. आधी ते माझ्या दंडात होतं. आज लातूरच्या क्लासमध्ये फळ्यापुढं उभी राहून मी पोरांना टॉर्क शिकवते तेव्हा चरकाचंच उदाहरण देते. सगळ्या नांदेड-लातुरात मला 'चरकवाल्या मॅडम' म्हणतात हे तुला आवडायचं. मला फिजिक्स तू दिलंस, दादा. हे तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू ते शाळेत सांगत फिरला असतास.

आता तो प्रश्न.

भूकंप झाला तेव्हा मी शाळेत शिकत होते आणि तू नुकताच चित्रकलेचं शिकून घरी आला होतास. आपलं लातूरचं घर तडकलं पण उभं राहिलं. अख्खी गल्ली अंगणात, मैदानात राहायला आली. तू मित्रांबरोबर किल्लारीच्या बाजूला गेलास, ढिगारे उपसायला. काही दिवसांनी परत आलास ते ओळखू न येण्यासारखा. अंगावर माती, डोळे आत गेलेले, बोलणं बंद. आईनं तुला अंघोळीला बसवलं तर पाणी वाहून गेलं तरी तू तसाच बसून. आणि तुझ्या पिशवीत सिमेंटच्या पोत्याचा कागद होता, घड्या घातलेला, त्यावर चुलीतल्या कोळशानं घासून घेतलेला ठसा. शिलाई मशीनचं चाक आणि खालचा, पायानं हलवायचा जाळीदार पायटा.

मी चिडले होते. वयच तसं होतं, आणि आता वय गेलं तरी राग गेला नाही. मी म्हटलं, "तिथं एवढी माणसं मेली आणि तू मशीन काढून आणलंस? यात माणूस कुठाय?"

तू कागदाची घडी घालून तो परत पिशवीत ठेवलास. पुढं लातूरच्या कॉलेजात भूकंपावरच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. सगळ्यांची चित्रं रडणाऱ्या बायांची, वर आलेल्या हातांची. त्या रांगेत तुझा तो कोळशाचा कागद. लोक येत, दुसऱ्यांच्या चित्रांपाशी डोळे पुसत, तुझ्यापाशी थबकत आणि पुढं जात. मी घरी येऊन पुन्हा तेच विचारलं. तेव्हा पहिल्यांदा तू मला तिथं भेटलेल्या माणसाचं सांगितलंस. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, त्या मोकळ्या जागेत शिलाई मशीन तेवढं सरळ उभं होतं, आणि तू त्यावर कागद धरून कोळसा घासत असताना मागं एक माणूस येऊन उभा राहिला. घर त्याचं होतं. तुला वाटलं हा आता मारणार. तो पुढं वाकून म्हणाला, "बघा बरं वो, फिरतंय का. परवाच तेल घातलं होतं तिनं." तू चाक फिरवलंस. फिरलं. आवाजसुद्धा आला नाही.

"मग तो माणूस काढ ना," मी म्हटलं. "ती बाई काढ."

"पायटा बघितलास का? एका बाजूनं झिजलाय. ती तिथंच हाय."

"ते तुला माहितीये, दादा. बघणाऱ्याला कसं कळणार?"

"बघणाऱ्यानं बघावं."

हे आपलं भांडण. मग ते कितीदा झालं, कितीदा अर्धं राहिलं. तुला नांदेडला शाळा लागली, मला लातूरला क्लास लागला, दोघांचे केस पांढरे झाले आणि भांडण तिथल्या तिथं. क्लासेसचा पूर आला तेव्हा तर त्याला नवी धार चढली. किनवटपासून देगलूरपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन यायला लागली, गल्लीगल्लीत हॉस्टेल उगवली, आणि तुझ्या शाळेत चित्रकलेचा तास काढून तिथं गणिताचा जादा तास घातला. तू मला फोन करून म्हणालास, "तुमच्या लोकांनी आमचा तास खाल्ला गं." मी म्हटलं, तुमच्याच पालकांनी खायला घातला. तू हसलास. पण तो तास तुला किती लागला होता ते वहिनीनं मला सांगितलं होतं. रिकाम्या तासाला तू वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा राहायचास.

आणि तरी तू माझ्या क्लासला आलास. मागच्या बाकावर बसलास, दोनशे पोरांत एक पांढरं डोकं. पेपर छापायचं आमचं मोठं मशीन तासभर बघत उभा राहिलास. ओएमआर शीटचा, गोळे काळे करायच्या उत्तरपत्रिकांचा, एक गठ्ठा मागून घेतलास. त्यातून तुझी 'गोळे' नावाची मालिका झाली, काळ्या आणि पोकळ गोळ्यांच्या ओळीच ओळी, मधेच एखादा गोळा कडेबाहेर सांडलेला. सुंदर होती. आता म्हणते, तेव्हा म्हटलं नाही. तेव्हा मी त्या छापासमोर उभी राहून रडले आणि तुझ्यावर ओरडले. आदल्या आठवड्यात माझ्या क्लासमधली एक मुलगी बॅग भरून नायगावला निघून गेली होती, आईला सांगून की मला काहीच येत नाही. मी म्हटलं, "इथं ती कुठाय? गोळे काढतोस नुसते!" तू त्या सांडलेल्या गोळ्यावर बोट ठेवलंस. मी बघितलं नाही. रागात होते.

तर, एकच प्रश्न. आणि तू म्हणालास की उत्तर केलंय.

ती प्लेट तू किती दिवस करत होतास देव जाणे. या वेळी नुसतं ॲसिडचं काम नव्हतं, हे तू सांगितलं होतंस. खोल रेघा ॲसिडनं करून मधला सगळा भाग हातानं, कोरड्या सुईनं ओरखडून केला होतास. सुई जोरात ओढली की रेघेच्या काठावर तांब्याचा बारीक कीस उभा राहतो, शाई त्यात धरते आणि छापात मऊ काळं येतं, मांजराच्या पाठीसारखं. पण तो कीस लई नाजूक. बोटानं जरा जास्त चोळलं तरी बसतो. म्हणून तू कच्चा छापसुद्धा काढून बघितला नव्हतास. पहिला छाप मंगी आली की, असं ठरवलं होतंस. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती प्लेट तू शेडमधून घरी आणलीस, पंच्यात गुंडाळून कपाटावर ठेवलीस. शेडचा पत्रा गळत होता म्हणून. तुझ्या त्या एका काळजीनं सगळं केलं, दादा.

तेराव्याला मी सकाळी आले. सुतक फिटलं होतं. घर धुवून काढलेलं, अंथरुणं-पांघरुणं दोरीवर, देवातली, पाण्याची सगळी तांब्यापितळेची भांडी अंगणात लख्ख पालथी घातलेली. नायगावहून वहिनीच्या माहेरच्या बाया आलेल्या. तुझा फोटो पाटावर ठेवला होता, हार घातलेला, समई लावलेली. आणि फोटोला टेकवून काहीतरी चकाकत होतं. समईची ज्योत त्यात दिसत होती. वीतभर रुंद, हातभर लांब.

मला कळायला क्षणभर लागला. मग माझ्या तोंडून आवाज निघाला, काय निघाला मला आठवत नाही. सगळ्या बाया वळल्या. मी वहिनीचा दंड धरला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"म्या केलं," वहिनी म्हणाली. तिला वाटत होतं मी कौतुकानं विचारतेय. "लई काळी झालती वो ताई. बाकीचं बायांनी घासलं, ही म्या कुणाला हात लावू दिली न्हाई. चिंच लावली, राख लावली, काथ्यानं घासली. सकाळधरनं घासली. सरांची शेवटची वस्तू हाय, काळी कशी ठिवावं त्यांच्या फोटोपशी?"

वहिनी तुला सरच म्हणायची. इतक्या वर्षांच्या संसारात सरच.

मी ओरडले, दादा. तेराव्याचं घर, पंगत बसायची होती, आणि मी तुझ्या बायकोवर ओरडले की ते चित्र होतं, त्यात त्याचं सगळं होतं, ते कुणी बघितलं नव्हतं, तू ते घासून टाकलंस. तिनं माझ्याकडं बघितलं, मग प्लेटकडं बघितलं. तिच्या हाताची बोटं चिंचेनं अजून पांढरी पडलेली होती. ती एवढंच म्हणाली, "म्या सरांना पुसून टाकलं का?"

त्यानंतर वहिनी जेवली नाही. मी नंतर लाख म्हटलं, खोल रेघा राहतात, ॲसिडच्या रेघा घासून जात नाहीत, सगळं गेलं नसेल. ती ऐकायची नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहायची आणि हात पदराखाली. बाया परत गेल्या. मी रजा वाढवली. एक-दोन घास मी भरवायचे, ते ती माझ्यासाठी गिळायची. तू गेल्याचं दुःख तिनं केलंच नाही, दादा. त्याच्या आधीच हे दुसरं येऊन बसलं. मला रात्रंदिवस वाटायचं की एक माणूस गेला तो गेलाच, आता ही दुसरी माझ्या डोळ्यासमोर चाललीय, आणि कारण काय, तर कुणीतरी नको तेवढं प्रेमानं केलं. मी तुझ्यावर चिडायचे. कधीतरी तिला शेडमध्ये नेलं असतंस, कधी सांगितलं असतंस की ही प्लेट म्हणजे काय. "ती आत आली की पुसत बसती," म्हणून तू तिला उंबऱ्यापाशीच थांबवायचास. शाई पुसायला जुन्या साड्या मात्र तिच्याच न्यायचास. सुती असतात म्हणून.

घरमालकांचा निरोप आला तेव्हा मी ठरवलं. चरक गेल्यावर ती प्लेट नुसता पत्रा होणार. काय उरलंय ते बघायचं तर आजच. मी वहिनीला म्हटलं, "चला. चाक फिरवायला माणूस पाहिजे. माझे दोन्ही हात कागदाला लागतील."

"मला येत न्हाई ते."

"मलाही पहिल्यांदा येत नव्हतं."

ती उठली. शेडच्या दाराशी तिनं चपला काढल्या. मी म्हटलं, घाला, आत खिळे पडलेले असतात. तिनं घातल्या नाहीत.

तुझी जागा मी घेतली. कागद पाण्यात सोडला. प्लेट शेगडीवर कोमट केली, शाई भरली. शाई भरताना प्लेट सगळी काळी होते, काहीच कळत नाही. पुसताना कळतं, पण मी मुद्दाम बघितलं नाही. वहिनीच्या जुन्या साडीचा बोळा घेतला आणि तू करायचास तसं आधी कापडानं, मग तळहातानं पुसलं. ती टक लावून तो बोळा बघत होती. "ही माझी जांभळी हाय," ती म्हणाली. शाईत बुडालेल्या त्या चिंधीवरून तिनं ती ओळखली. पाट्यावर प्लेट, प्लेटवर कागद, कागदावर घोंगडी. घोंगडी दोनदा वाकडी पडली, ती मी पुन्हा नीट घातली.

"हळू, वहिनी. थांबू नका. थांबलात की पट्टा उमटतो."

घुंगरू वाजले. घरमालक बाहेर टेम्पोची जागा मोजत होते ते दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. वहिनीनं दोन्ही हातांनी चाक ओढलं, दात चावून, शेवटपर्यंत. एकदाही थांबली नाही.

मी कागदाचे दोन कोपरे धरून उचलला.

ते शिलाई मशीन होतं, दादा. तू यंत्र ओळखू येईल असं कधी काढलं नव्हतंस, आणि हेही दुसऱ्या कुणाला ओळखू येणार नाही. पण मला ते कळलं, वर चाकाची ती कड, खाली पायट्याची जाळी एका बाजूला झिजलेली. त्या ॲसिडच्या खोल रेघा, त्या राहिल्या. जशाच्या तशा. आणि मधे, वरच्या चाकाच्या आणि खालच्या पायट्याच्या मधे, जिथं मशीन चालवणारं माणूस बसतं ती सगळी जागा तू हातानं ओरखडून केली होतीस. तिथं आता वर्तुळंच वर्तुळं होती. काथ्याची, राखेची, बारीक, एकात एक, एकावर एक. एका बाईचा हात सकाळभर फिरला होता तो अख्खाच्या अख्खा उमटला होता.

आणि त्या वर्तुळांच्या खाली केसासारख्या काही रेघा होत्या. अगदी थोड्या. मी उजेडात नेऊन बघितल्या, चष्मा काढून बघितल्या, लावून बघितल्या. एक रेघ खांद्यासारखी वळते. ती खांदा आहे का? का नुसता मशीनच्या पट्ट्याचा वळसा आहे? तू तिथं त्या बाईला बसवलं होतंस का रे? माझ्यासाठी, एवढ्या वर्षांनी, हट्ट सोडून? का जागा मोकळी ठेवून त्यावर फक्त अंधार घातला होतास, नेहमीसारखा, म्हणजे बघणाऱ्यानं बघावं? मला सांगता येत नाही. आता कुणालाच येणार नाही. तू जे उत्तर केलंस ते मी वाचू शकत नाही, आणि एवढी असहाय मी तुला पोचवून आले त्या दिवशीही नव्हते.

वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिनं बोट लावलं नाही, नुसतं बोट हवेत फिरवलं, त्या वर्तुळांवरून.

"हे गोल गोल माझं हाय ना, ताई?"

"हाव, वहिनी."

"म्या घासलेलं दिसायलंय."

"हाव."

तिनं चरकाचं चाक पुन्हा धरलं. मग तेराव्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती तुझ्यासाठी रडली, दादा. शेवटी रडली. चरकाचं चाक हातात धरून, मोठ्यानं, घुंगरू वाजेपर्यंत रडली. मी छाप बाजूला ठेवला आणि तिला धरलं. घरमालक कधी निघून गेले कळलं नाही.

मी दुसरा छाप काढला. वर्तुळं फिकी आली. तिसऱ्याला आणखी फिकी. ते ओरखडे वरवरचे, तांबं मऊ, रूळ फिरला की जातात. तुझ्या खोल रेघा राहतील, तिचा हात जाईल. आणि त्याच्याखाली जे काही होतं ते तिसऱ्या छापात दिसेनासंच झालं. मी थांबले. चौथा काढायची छाती झाली नाही.

पहिला छाप आता तुझ्या घरी दोरीला लावलाय, जिथं तेराव्याला पांघरुणं वाळत होती तिथं. वहिनीनं दुपारी चार घास खाल्ले. जेवता जेवता हात थांबवून तिनं विचारलं, "ताई, ह्याच्याखाली काय होतं?"

"मला माहीत नाही, वहिनी."

"मग सरांना इचारावं कसं आता?"

मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोनशे पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देते. या बाईसमोर मी भात कालवत बसून राहिले. उद्या चरक जाईल, शेड जाईल, मी लातूरला जाईन, आणि ती त्या छापासमोर बसून हेच विचारत राहील. बाकी काही मागत नाही, दादा. तेवढं सांगायला ये. खाली काय होतं?